रस्त्याच्या खात्याचे चनबसप्पा

चनबसप्पा रस्त्यानं निघाले की मान खाली घालून चालायचे. लोकांना वाटायचं, माणूस लाजाळू आहे. लाजत वगैरे काही नव्हते, खड्डे बघत असायचे. सोलापुरात रस्त्याच्या खात्यात ते कारकून होते, आणि खात्याचा रस्ता म्हणजे त्यांना आपल्या दारचं अंगणच वाटायचं. गाव मैंदर्गी. बायको गिरिजाबाई गावी, हे सोलापुरात एका खोलीत. शनिवारी एस.टी.नं गावाला, सोमवारी परत. कपाळाला विभूती, डोक्याला टोपी, काखेत छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. तिचा उपयोग एकच, कुठली फांदी किती खाली आली आहे ते दाखवायचा.

मी तेव्हा लांबलचक ट्रेलर चालवायचो. कारखान्यांचा असा अगडबंब माल न्यायचा, की समोरून एस.टी. आली तर तिला शेतात उतरावं लागायचं. त्याला सरकारचा वेगळा परवाना लागे, आणि तो चनबसप्पांच्या टेबलावरून निघे. दिवसाउजेडी जायचं, हळू जायचं, पुढं लाल निशाण घेऊन माणूस चालला पाहिजे, अशा त्याच्या अटी. दुसरा कारकून असता तर शिक्का मारून मोकळा झाला असता. हे आधी विचारायचे, "एकनाथ, जेवलास का?" आणि मग, "ब्रेक बघितलास का?" याच क्रमानं.

त्यांना एकच लेक, हेमावती. ती बाळ्याला दिली. बाळे म्हणजे शहराला लागूनच, पुण्याच्या रस्त्यावर. सासरे सिद्धलिंगप्पा, ते गाड्यांच्या खात्यात कारकून. दोन्ही माणसं सरकारी, दोन्ही घरांत कानडी-मराठी सारखीच चालायची, सोयरीक अगदी साच्यातून काढल्यासारखी. बिघडली ती एका कप चहावरून!

मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी चाल तेव्हा आपल्याकडं पुष्कळ घरांत होती. चनबसप्पा ती कडक पाळायचे. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत ते कामानिमित्त गाड्यांच्या खात्यात गेले. सिद्धलिंगप्पांना कोण आनंद! सगळ्या कचेरीला ओळख करून दिली, "हे आमचे बीगरु बरं का." बीगरु म्हणजे कानडीत व्याही. लगेच स्पेशल चहा मागवला. चनबसप्पांनी कपाकडं बघितलं आणि हात जोडले.

"मला चालत न्हाय. व्याह्याचा च्या हाय."

"अवो, ही कचेरी हाय. माजं घर हाय का हितं?"

"पाजणारं तुमीच की!"

सगळी कचेरी हसली. सिद्धलिंगप्पांनी कप उचलला आणि खिडकीतून बाहेर ओतला. "माजा च्या म्हंजी ईख हाय व्हय?" म्हणाले. तिथून जे बोलणं बंद झालं ते झालंच.

पुढं हेमावतीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि न्यायचं तर सातव्या महिन्यात. आठव्यात पोरीला हलवत नाहीत. गिरिजाबाईंनी निरोप धाडला. बाळ्याहून उत्तर आलं, "बापानं यावं, आमच्या ताटाला बसावं, आन् मग लेक न्यावी." आता आली का पंचाईत! जेवावं तर चाल मोडते, आणि पोटातल्या जिवाला काही झालं तर जन्माची टोचणी. न जेवावं तर पोर ऐन वेळी आईला मुकते. सातवा महिना सरत आला. चनबसप्पा एकदा मला म्हणाले, "एकनाथ, गिरिजानं बाळंतिणीची खोली सारवून ठेवलीया. वाळली की परत सारवती. आता भुईला तरी किती शेण लावावं?" आणि हसायला गेले, पण हसू काही नीट आलं नाही.

नेमका त्याच वेळी, मोठा दुष्काळ सरून दुसऱ्या वर्षी, वरून हुकूम आला. मोठ्या मालाचे परवाने रस्त्याच्या खात्याकडून काढले आणि गाड्यांच्या खात्याला दिले. आणि मी इकडं श्रीपूरच्या कारखान्याचा बॉयलर ट्रेलरवर चढवून मालधक्क्यावर उभा! रस्त्याच्या खात्यात गेलो तर चनबसप्पा म्हणाले, "आता आमच्याकडं न्हाय. गाडी त्यांची." गाड्यांच्या खात्यात गेलो तर सिद्धलिंगप्पा म्हणाले, "अजून आमच्याकडं आलंच न्हाय. रस्ता त्यांचा." दोन व्याह्यांच्या मध्ये माझा बॉयलर सुनेसारखा अडकला. एका कुत्रीनं तर त्याच्या सावलीत पिलं घातली.

शेवटी दोन्ही साहेबांनी तोड काढली. दोन्ही कारकुनांनी या बॉयलरबरोबर स्वतः जायचं, चनबसप्पांनी काम दाखवायचं, सिद्धलिंगप्पांनी बघायचं, आणि मोहोळच्या मुक्कामाला कामाचा ताबा द्यायचा, सह्या करायच्या.

ती वरात बघायला पाहिजे होती! पुढं निशाणवाला, मागं हे दोघं, एक रस्त्याच्या या कडेनं, एक त्या कडेनं, आणि त्यांच्या मागं मी, बैलाच्या चालीनं. सोबत रस्त्याच्या खात्याची गँग, बांबू घेऊन, पाण्याचं पिंप हातगाडीवर टाकून. दोघांत अंतर रस्त्याच्या रुंदीएवढंच, पण बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"ड्रायव्हर, गाड्यांच्या खात्याला सांग, पुढं लिंबाची फांदी हाय."

"ड्रायव्हर, रस्त्याच्या खात्याला सांग, आमाला डोळं हायत."

"सांग, डोळं असून दिसत न्हाय अशी बी मानसं असत्यात."

मी आपला केबिनमधून "व्हय जी, व्हय जी" करत होतो.

बाळ्यात शिरलो आणि टेलिफोनची तार आडवी आली. गँगवाले बांबूनं ती उचलायला लागले, गाडी थांबली. थांबली ती कुठं? बरोबर सिद्धलिंगप्पांच्या दारात! मी काही मुद्दाम थांबवली नव्हती, तारच तिथं होती. असं मोठं यंत्र गावातून चाललं की बायका त्याला हळदकुंकू वाहायच्या. सिद्धलिंगप्पांची बायको काशम्मा ताट घेऊन आली. तिच्या मागं ओट्यावर हेमावती, जडावलेली, हातात पाण्याचा तांब्या.

ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. चनबसप्पांच्या ओठांना कोरड पडलेली. लेक बापाकडं बघते, बाप डांबराकडं.

"अप्पा, नीर कुडी," एवढंच ती म्हणाली. अप्पा, पाणी पी.

चनबसप्पा एक पाऊल मागं सरकले. हेमावती ओट्यावरून खाली उतरली, तांब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडलं. ती रडली नाही, तशीच उभी राहिली तांब्या पुढं करून.

सिद्धलिंगप्पा सुनेकडं बघत होते.

"ड्रायव्हर," ते म्हणाले, "त्या साहेबास्नी इचार, ते उभं हायत तो रस्ता कुनाचा?"

"सांग, आमच्या खात्याचा."

"कुटवर?"

"सांग, त्या गटारीपतूर."

"हेमावती," सिद्धलिंगप्पा म्हणाले, "ते पानी दे दारच्या लिंबाच्या बुडाला वतून. आन् गटार वलांडून हिकडं ये. बेतानं, सासूचा हात धर."

ती आली. सिद्धलिंगप्पांनी गँगच्या पिंपाकडं बोट केलं. "आता त्यातलं भर. पिंप रस्त्याच्या खात्याचं, पानी त्यांचंच, तू उबी हाईस तो रस्ता बी त्यांचाच. आमचं हाय काय हितं? तांब्या?"

"तांब्या माज्या आईनं दिलाय," हेमावती म्हणाली. "रुखवतातला."

काशम्मा फसकन हसली. "ऐका! सरकारी मानसास्नी येवडं कळाया पोरगी लागली."

चनबसप्पांनी छत्री माझ्या बॉनेटवर ठेवली, दोन्ही हातांची ओंजळ केली. लेक ओतत होती, बाप पीत होता. तांब्या संपला तरी ओंजळ तोंडाशीच होती. पाणी कुठलं आणि डोळ्यांतलं कुठलं, बघणाऱ्याला कळत नव्हतं.

मग सिद्धलिंगप्पा पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोलले. "बीगरु, पोरगी आता तुमच्या हद्दीत आलीया. मी मागं कशी घिऊ? घिऊन जावा. पर परवाना आता माज्याकडं, तवा अटी बी माज्या. दिवसाउजेडी न्यायचं, हळू न्यायचं, पुडं मानूस पायजे."

"आन् मोहोळ?" चनबसप्पा म्हणाले. "ताबा द्यायचाय."

"काम बगितलं की म्यां! फांद्या बगायच्या, खड्डं चुकवायचं. आना तो कागूद."

तिथंच बॉनेटवर दोघांनी सह्या केल्या. पत्रा इतका तापला होता की हात टेकवत नव्हता, काशम्मानं पदराची घडी खाली धरली. बॉयलर सिद्धलिंगप्पांकडं गेला, हेमावती चनबसप्पांकडं. काशम्मा धावत आत जाऊन सुनेचं गाठोडं आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली, आणि ताटाला बसायचं काय, हे कुणी काढलंच नाही.

तार वर झाली, गँगवाल्यांनी हात केला. स्टँडकडं जाणारी एस.टी. समोरच्या वळणावर थांबायची. चनबसप्पा पुढं, काखेत छत्री, खांद्यावर गाठोडं, हेमावती मागं. दर चार पावलांना ते वळायचे आणि छत्रीनं जमिनीकडं दाखवायचे, हितं दगड हाय, हितं खळगा हाय, हिकडनं ये.

"सोडा की गाडी!" गँगवाला ओरडला.

मी सिद्धलिंगप्पांकडं बघितलं. ते निशाणवाल्याचं निशाण स्वतःच्या हातात घेऊन उभे होते, त्यांनीही काही खूण केली नाही. एस.टी. येऊन ती दोघं आत बसेपर्यंत मी इंजिनच सुरू केलं नाही. उगाच पोरीच्या अंगावर धूळ उडाली असती.