हसरं कर, अक्का

माणसाच्या चेहऱ्यातून सगळ्यात आधी काय काढायचं, असं मला कुणी विचारलं तर मी झोपेतसुद्धा सांगेन: सावली. डोळ्यांखालची, नाकाच्या कडेची, हनुवटीखालची, सगळी. फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा, फिका करायचा, त्याच्यावर ट्रेसिंगच्या कागदासारखा एक नवा थर घ्यायचा आणि कडा गिरवत सुटायचं. चेहऱ्याला एक सपाट रंग, मानेला त्याहून जरासा गडद. केस म्हणजे एक गोळा. नाक म्हणजे एक वळलेली बारकी रेघ. झालं कार्टून. बेंगळुरातल्या बऱ्याच कंपन्यांच्या भिंतींवर असली सपाट माणसं हसत उभी आहेत आणि त्यातली पुष्कळशी माझ्या हातची आहेत. अभिमान वगैरे काही नाही हो, मान दुखते एवढं खरं.

मी मूळची बेळगावकडची. लग्न करून इकडे आले, आता सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावरच माझं दुकान आहे. फोटोवरून चित्र काढून देणं हा धंदा ऐकायला मजेचा वाटतो. पण लोक फोटो कसला पाठवतील तर लग्नातल्या घोळक्यातून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात राहिलेला. वर, "थोडं गोरं करा ना." एका कंपनीनं तर अंगाच्या रंगाच्या तीनच छटा ठरवून दिल्या होत्या. मी त्यांना पोहे, गूळ आणि कॉफी म्हणायचे. आपल्या देशातली एवढी माणसं त्या तीन डब्यांत कोंबायची! हल्ली आणखी एक ऐकावं लागतं, की मॅडम, हे तर ॲप एका मिनिटात करून देतं. मग घ्या की त्याच्याकडून, माझं डोकं कशाला खाता?

जिची ही गोष्ट, ती मला भेटली प्रिंटिंगच्या दुकानात. माझ्या एका चित्रातला गूळ त्या बाबानं पार कोळसा करून छापला होता आणि मी मराठीत त्याचा उद्धार करत होते. कळत कुणाला नाही, या भरवशावर. मागून आवाज आला, "अक्का, स्वल्प हळू. मला कळतंय सगळं." वळून बघितलं तर गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलेली, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान बाई, तोंडावर हात धरून हसत होती. तिचं घराणं इथलंच, पिढ्यान् पिढ्यांचं. घरात मराठी, पण मधूनमधून कानडी अशी मिसळलेली की तिला स्वतःलाही वेगळी काढता येत नाही. वडील गेलेले, भाऊबहीण कुणी नाही. चामराजपेठेतल्या घरात ती आणि आई, आणि दोघींचा संसार तिच्या पगारावर.

ती एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत एचआरमध्ये होती. माणसं घ्यायची, माणसं सांभाळायची आणि वरून हुकूम आला की माणसं काढायची. त्या कंपनीत एक रीत होती. ज्याला काढायचं त्याला त्याचं कार्टून फ्रेम करून द्यायचं. कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट, दात दाखवून हसू आणि उजवा हात वर, टाटा करणारा. ही अक्कल कुणाची, देव जाणे. ते काम तिनं मला मिळवून दिलं. बुधवारी ती फोटो पाठवायची, गुरुवारी मी चित्रं द्यायची आणि शुक्रवारी ती एकेकाला आत बोलावून सांगायची. प्रत्येक वेळी खाली एक ओळ असायचीच: हसरं कर, अक्का.

पहिल्यांदा मला वाटलं, माणसं आपणहून नोकरी सोडताहेत. तरुण पोरं, चांगलं काही मिळालं असेल. खरं काय ते पुढं कळलं. तोवर तो टाटाचा हात मी एकदाच काढून ठेवला होता आणि सगळ्यांना तोच चिकटवत होते. माणूस पोह्याचा असो की कॉफीचा, हाताचा रंग बदलला की काम भागलं.

एका गुरुवारी सकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या दर्शिनीत उभ्यानं इडली खात होते. शेजारच्या टेबलाशी एक जण डोशाचा घास हातात धरून फोनवर बोलत होता. दसऱ्याला आईवडिलांना घेऊन मैसूरला जायचं, तिकिटं आजच काढतो म्हणत होता. चेहरा ओळखीचा वाटला. मग एकदम लक्षात आलं, अगं बाई, याची दाढी मी कालच रंगवली! त्याला अजून काही माहीत नव्हतं आणि मला होतं. माझी इडली तशीच राहिली. संध्याकाळी मी तिला फोन करून चिडून म्हणाले, "हे असलं ओझं मला कशाला देतेस?"

ती म्हणाली, "अक्का, तू एकाला बघितलंस. मी त्यांच्याबरोबर रोज जेवते."

मी काम चालू ठेवलं. मी नाही केलं तर दुसरं कुणी करेल, असं म्हणायची सोय असतेच. ती मात्र दर खेपेला जरा वाळत गेली. मधल्या काळात आम्ही भेटायचो, कॉफी प्यायचो. एकदा मी म्हटलं, सोड की ही नोकरी. तर म्हणाली, "आणि आईला काय घालू, तुझी कार्टून?" बरोबरच होतं तिचं.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. बुधवारी फोटो आले. एकेक उघडत गेले आणि शेवटचा उघडला तर तीच. ओळखपत्रावरचा फोटो, केस घट्ट बांधलेले, ओठ मिटलेले. मला वाटलं, घाईत चुकून जोडला गेला. कामाच्या धबडग्यात होतं असं. मी हसतच फोन लावला.

"अगं, तुझंच थोबाड पाठवलंस मला."

"चुकून नाही, अक्का."

मला कळेचना. ती शांतपणे, दुसऱ्याचंच काही सांगावं तशी सांगत होती. सोमवारी साहेबांनी स्क्रीनवरून तिला सांगितलं होतं की ही खेप उरकली की तिचंही काम संपलं. म्हणजे शुक्रवारी आधी तिनं बाकीच्यांना काढायचं आणि मग स्वतः निघायचं.

माझं डोकंच फिरलं. "आणि तू हो म्हणालीस? तोंडावर फेकायचं होतंस त्यांच्या! त्यांचं काम आणि तूच करायचं?"

"मी नाही म्हटलं तर तेच स्क्रीनवरून वाचून दाखवतील त्या पोरांना. मी निदान समोर बसते. पाणी देते." मग जरा थांबून म्हणाली, "आईला अजून बोलले नाही. तू कुणाला सांगू नको. सरी?"

"सरी," मी म्हणाले. तिच्याकडून उचललेलं कानडी 'बरं'.

बाकीचे चेहरे त्याच दिवशी झाले. तिचा काही होईना. सवयीनं आधी सावल्या काढल्या. डोळ्यांखालचा काळेपणा गेला, कपाळावरची आठी गेली, आणि समोर कुणीतरी भलतीच बाई आली, टूथपेस्टच्या जाहिरातीतली. पुसलं. परत केलं. परत तीच बाई. ओळखीचा चेहरा सपाट करायला घेतला की आपण माणसाचं काय काय काढून टाकतो ते कळतं आणि आपल्या कामाची शिसारी येते. शेवटी गुरुवारी दुपारी मी डोळ्यांखाली गडद रंगाचे दोन तुकडे परत ठेवले. आठी ठेवली. ओठ मिटलेले ठेवले. तो टाटाचा मेला हात लावलाच नाही, तिच्या दोन्ही हातांची घडी घातली. कंपनीच्या नियमात यातलं काहीच बसत नव्हतं. तसंच पाठवून दिलं. तिचं उत्तर आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. "झालं सगळ्यांचं. माझी फ्रेम माझ्याच टेबलावर आहे. आता ती मला द्यायला कुणी उरलं नाही. तू येतेस?"

रिक्षा पकडून गेले. सर्जापूर रोडवर त्या वेळेला गाड्या हलत नाहीत, तासभर नुसती चरफडत बसले. ती इमारतीच्या बाहेर, वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभी होती. खांद्याला पिशवी, हातात कागदात गुंडाळलेली फ्रेम. ती तिनं माझ्या हातात दिली आणि सरळ उभी राहिली. आधी मला कळलंच नाही काय करायचं ते. मग मी ती फ्रेम दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली आणि म्हटलं, "फार चांगलं काम केलंस." ते इतकं कंपनीसारखं वाटलं की माझं मलाच नको झालं. मग म्हणाले, "दमलीस गं तू. फार दमलीस."

तिनं मान हलवली. कागद सोडवून चित्र बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हो. मीच आहे." रडली नाही. वॉचमनला नमस्कार केला आणि रिक्षात बसायच्या आधी माझा दंड धरला. "अक्का, एवढ्या जणांना सांगितलं मी. आईला कसं सांगायचं ते मला येत नाही. तू चल."

रिक्षात ती मला तिच्या कामातली पद्धत समजावत होती. आधी माणसाला बसवायचं. पाणी द्यायचं. पहिलंच वाक्य खरं बोलायचं, फिरवाफिरवी करायची नाही. मग गप्प बसायचं आणि समोरच्याला बोलू द्यायचं. मला वाटतं, ती माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलत होती. मी हं हं करत राहिले.

घरी आई जमिनीवर बसून अवरेकाई सोलत होती. ते इथलं थंडीतलं वेड. शेंगेतले वालासारखे दाणे भिजवून, एकेक चिमटीत दाबून सालातून बाहेर उडवायचे. समोर परात, बाजूला सालांचा ढीग. मला बघून म्हणाली, "या, बसा. हिनं फोन नाही केला, नाहीतर कॉफी करून ठेवली असती."

ती चपला काढून तडक आत गेली आणि पाण्याचा तांब्या नि पेला घेऊन आली. आईपुढं धरला.

"मला कशाला पाणी? बाहेरून तू आलीस."

तिथंच तिची सगळी पद्धत संपली. पेला तसाच हातात धरून ती आईसमोर खाली बसली. मी मध्ये बोलणार होते, पण तिनं हातानंच थांबवलं. मग म्हणाली, "आई, मला कामावरून काढलं. आजपासून."

आईचा हात परातीत थांबला. तिनं लेकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली. का काढलं, कुणी काढलं, आता पुढं कसं, यातलं काहीतरी ती विचारेल म्हणून मी वाट बघत होते.

"म्हणजे सोमवारी डबा नको?" आई म्हणाली.

"नको."

आईनं एक दाणा उचलला, दाबला, साल बाजूला टाकलं. "तुझी ती सातची बस. चारला उठते मी. तू नोकरीला लागलीस तेव्हापासून." मग लेकीच्या हातातला पेला घेऊन घोटभर पाणी प्यायली. "सरी. सोमवारी मी पण उजाडेपर्यंत निजते."

शुक्रवारभर इतक्यांना काढून जी रडली नव्हती, ती त्यावर आईच्या मांडीत डोकं घालून ओक्साबोक्शी रडली. आईचे हात ओले होते, म्हणून ती मनगटानं तिचे केस मागं सारत होती. मी परात माझ्याकडं ओढली आणि सोलत बसले.