ग्रुपवर जोडलेले हात

आमच्या लेकीला लहानपणापासून कमी ऐकू येतं. कानाला मशीन आहे, पण भरल्या वर्गात त्याचा फारसा उपयोग होत नाही. नववीत तिच्या विज्ञानाच्या बाईंनी शाळेच्या टॅबवर एक सोय करून दिली. बाई बोलायच्या आणि त्यांचं बोलणं अक्षरांत समोर उमटायचं. त्याला नेट लागायचं, ते शाळेच्या वायफायवरून मिळायचं. लेक पहिल्यांदाच शाळेचं काहीबाही सांगत घरी यायला लागली.

मग दहावीच्या काही पोरांनी वर्गातच रील बनवून त्याच वायफायवरून टाकली आणि आमच्या आष्टा गावात बोभाटा झाला. शाळेनं वायफाय बंद केलं. टॅब कपाटात गेला. थोड्याच दिवसांत लेकीनं दप्तर कोपऱ्यात टाकलं. "नुसते ओठ बघायला मी जाणार नाही," म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तशीच हेडसरांकडे गेले. त्यांनी शांतपणे पालकांचा ग्रुप उघडून दाखवला. वर वायफाय बंदची सूचना, खाली जोडलेल्या हातांची रांग. "सगळ्यांची संमती आहे. तुमचीसुद्धा." बघते तर खरंच माझेही हात! भाकरी थापताना फोन वाजला की शाळेचं जे येईल त्याला मी हात जोडून मोकळी होते. घरी येऊन ग्रुपवर लांबलचक विनंती लिहिली, तर तिच्याखालीही सगळ्यांनी हात जोडले. आता डोकं कुठं आपटायचं?

फोन ठेवला आणि शेजारच्या शिलाईवाल्या भाभींना घेऊन दारोदार निघाले. सूचना वाचली होती का, एवढंच विचारायचं. "शाळेचं काय बी आलं की मी हात जोडती. सरास्नी उलट बोलायचं व्हय?" एकजण म्हणाली. ग्रुपवर एवढं लिहूनही माझ्या लेकीचा टॅब गेल्याचं कुणाला ठाऊकच नव्हतं. पोरं बिघडायची भीती मात्र सगळ्यांना होती, आणि ती खोटी नव्हती. नेट सुरू व्हावं, पण ते बाईंच्या हातात राहू दे, असं ठरवूनच आम्ही प्रत्येक घरातून उठायचो.

हेडसरांच्या घरी म्हशी आहेत. सकाळी ते स्वतः डेअरीत दूध घालायला येतात. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्याजणी किटल्या घेऊन त्यांच्या मागेपुढे उभ्या राहिलो.

"आवं सर, आमी ते हात वाचून न्हाई जोडलं," रांगेतली एकजण म्हणाली.

"मग कशाला जोडले?"

"तुमास्नी न्हाई तर कुणाला जोडायचं?"

रांग हसली. सरही हसले, मग गंभीर झाले. "पोरांनी पुन्हा तसंच केलं तर?"

"त्यांचं कान आमी धरू," भाभी म्हणाल्या. "पर ह्या पोरीचं काय चुकलं?"

सरांनी दूध मापून दिलं, किटलीचं झाकण लावलं. "सोमवारी टॅब काढायला सांगतो. नेट तासापुरतंच, बाईंच्या समोर." मला इतकं हायसं वाटलं की डेअरीच्या पायरीवरच मटकन बसले आणि रडले. रडायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी.

सोमवारी लेक दारातच चपला काढत सांगायला लागली. बाईंनी वर्गात कसलासा विनोद केला होता. कसला, ते तिला हसण्यात नीट सांगता येईना.

"आई, सगळे हसले ना, तेव्हाच मी पण हसले," ती म्हणाली. "का हसताय, हे आज कुणाला विचारावं लागलं नाही."