मुरलेल्या मिरचीचा कॅन

संग्रामपूरहून शेगावला जाणाऱ्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये मिठात मुरवलेल्या लाल मिरचीचा सॉस होता. शेगावच्या एका हॉटेलवाल्याला तो चाखवायचा होता. सॉस अजून आंबत होता, त्यात उन्हानं कॅन फुगत चालला होता. तिनं झाकण जरा सैल केलं की फुस्स आवाज होई आणि सगळी गाडी खोकू लागे.

शेवटी कंडक्टरनं गाडी थांबवली. "काकू, हे फुटलं त लोकायचे डोये जातीन. कॅन इथंच उतरवा."

"मंग मलेबी उतरवा," ती हळूच म्हणाली. "जित्ता हाय तो. एकटा कसा सोडू?"

ती खरंच उतरली. डोक्यावरचा पदर काढून तिनं कॅनवर टाकला आणि उन्हातच शेगावकडे चालू लागली.