सत्यशीलाने सांगितलेले वाघ

सत्यशीलाचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला, त्या दिवसापासून चिचटोल्यातल्या बायांनी तिच्यापुढे जंगलाचा विषय काढणं सोडलं. बाकी बोलणं सुरू होतं. मिरची कांडून झाली का, सून माहेरून आली का, सगळं विचारत. पण बोलता बोलता कोणी नाल्यापलीकडे वळलं की दुसरी खाकरायची आणि सगळ्या जणी झटकन भाजीपाल्यावर यायच्या. हे न कळण्याइतकी सत्यशीला खुळी नव्हती.

चिचटोला नागभीडच्या रस्त्याला फाटा फुटतो तिथून आत, जंगलाला टेकून. सत्यशीला पन्नाशीला आलेली, दहावी शिकलेली, बौद्ध मोहल्ल्यात राहणारी. नवरा रामाजी गवंडी. काम असेल तिकडे जायचा. ही आषाढात दुसऱ्याच्या बांधीत धान रोवायला, चैत्रात मोहफुलं वेचायला. उपयोगाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे आणि शेजारणीला नाही, हे तिला सहनच होत नसे. रेशनचं धान्य उतरलं, दवाखान्यात कुत्र्याचं इंजेक्शन आलं, की हातातला झाडू टाकून ती सांगत सुटायची. रंभा म्हणायची, "इच्या पोटात वार्ता राह्यली त इले ताप येते."

रंभा समोरच्या आळीची, सुकलूची बायको. त्या सुकलूला सत्काराच्या सव्वा वर्ष आधी, दिवाळीच्या सुमाराला वाघाने नेलं. शेतातल्या मोटारीला विजेची लाइन रात्रीचीच यायची, म्हणून तो पाणी द्यायला गेला होता. वाघ कोणत्या नाल्यात बसून आहे, हे फारेस्टवाल्यांना ठाऊक होतं. त्या नाल्याकाठी कोणाची मोटार आहे, हे लाइनवाल्यांना ठाऊक होतं. सुकलूला एवढंच ठाऊक होतं की पाणी नाही दिलं तर धान वाळतं. पुढे सगळ्या खात्यांचे साहेब रंभाला भेटायला आले, तेही वेगवेगळ्या गाड्यांनी. कोणी एकमेकांना ओळखतही नव्हतं.

म्हणून त्याच हिवाळ्यात चंद्रपूरच्या एका संस्थेची मयुरी मॅडम आली आणि "सगळ्यांकडची माहिती एका जागी आणायची" म्हणाली, तेव्हा सत्यशीलाला ते मनापासून पटलं. पटण्यासारखंच होतं. बायांनी रोज सांगायचं, जनावर कुठे दिसलं, माग कुठे आहे, आणि मोहाच्या दिवसांत कोण कोणत्या झाडाखाली असणार. सत्यशीलाने ते मोबाइलमधल्या नकाशावर लावायचं; जनावराचा लाल ठिपका, माणसाचा पिवळा. त्यावरून लाइन दिवसा मिळणार, शाळेची घंटा उन्हं वर आल्यावर होणार, आणि संध्याकाळची एसटी पोरांना फाट्यावर न सोडता गावात उतरवणार.

बाया तयार होईनात. मोहाची झाडं सरकारी जंगलातली खरी, पण प्रत्येक झाडाला घर ठरलेलं असतं. सासूने ज्या झाडाखालचा पाला झाडला, त्याच झाडाखालचा सून झाडते. दुसरीच्या झाडाखालचं एक फूल उचलणारी बाई गावात तोंड दाखवू शकत नाही. हे कुठल्याही कागदावर नाही, म्हणूनच टिकलं होतं.

"फारेस्टवाल्याइले झाडं मालूम झाले त मोह बंद करतीन," रंभा म्हणाली.

"नाही हो बाई," मयुरी म्हणाली. "गार्डला फक्त कळेल की माणसं कुठे आहेत, म्हणजे तो सावध करेल. ही माहिती तुमच्या जिवासाठी आहे. दुसऱ्या कशाला वापरायची नाही."

"मी इचारून घेतलं नं," सत्यशीला म्हणाली. "मी आहो नं इथी! काही झालं त माझी मान धरजो."

रंभाने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "लाव. नाल्याच्या वळनावरचे जोडमोह माहे होत. मले आता भ्यायचं का राह्यलं?"

रंभाने सांगितलं म्हणताना बाकीच्यांनी सांगितलं.

आणि काम झालं, हे कबूल करायलाच पाहिजे. लाइन दिवसा आली. शाळेची वेळ सरकली. लाल ठिपका लागला की एसटी पारापर्यंत यायची आणि ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचा, "कुठी हाय आज तुमचा पाव्हना?" त्या वर्षी मोहाच्या हंगामात एकाही बाईला ओरखडा उठला नाही. सत्यशीला रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ठिपके लावायची आणि बाया भोवती बसून चुका काढायच्या. "थो नाला नोहे, इकडचा लाव! तुह्या हातानं वाघ रामाजीभाऊच्या संडासात जाऊन राह्यला."

पुढच्या माघात गार्ड धनराज सायकल टेकवून तिच्या अंगणात आला.

"सत्यशीलाबाई, परवा साहेबानं बलावलं हाय. सत्कार हाय तुमचा."

"काऊन जी? मी का केलं?"

"मले का मालूम? लय माहिती देल्ली म्हने तुमी."

तो चहासुद्धा न घेता गेला, तेव्हाच तिला खटकायला हवं होतं. नाही खटकलं. तिने ठेवणीतली पांढरी साडी काढली. ट्रॅक्टर भरून बाया निघाल्या; रंभा तिच्या शेजारी.

कार्यक्रम जंगलाच्या तोंडाशी होता. बांबूची नवी कमान, तिला झेंडूच्या माळा, आणि मागे हिरव्या रंगाच्या उघड्या जिप्सी ओळीने उभ्या. बायांना वाटलं, साहेब लोकांच्या असतील. कमानीशेजारी मोठा फलक होता, त्यावर नकाशा. रंभाला वाचता येत नव्हतं. ती बोट फिरवत म्हणाली, "सत्यशीला, हा आपला नाला नोहे का? हे वळन. अन् हे लाल लाल का होय?"

सत्यशीलाला वाचता येत होतं. वर लिहिलं होतं, व्याघ्रदर्शनाची ठिकाणं. खाली तिचे ठिपके होते. एकूण एक. रामाजीच्या संडासाजवळून हलवलेलासुद्धा.

तेवढ्यात माइकवरून तिचं नाव आलं. मोठ्या साहेबांनी शाल घातली, नारळ दिला आणि तिला तसंच शेजारी उभं करून भाषण केलं. या भगिनीमुळे कळलं की या भागात वाघ इतका हमखास दिसतो. तिच्याच माहितीवर आज हे पर्यटनाचं नवं दार उघडत आहे. टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले, गावकऱ्यांची सुरक्षा सर्वात महत्त्वाची. कोण कधी कुठल्या झाडाखाली असतं, हेही आता आपल्याला नेमकं ठाऊक आहे. तेव्हा या पट्ट्यात यंदापासून माणसांना प्रवेश बंद.

सत्यशीलाने समोर बघितलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत बाहेरगावचे पुष्कळ होते. तिच्या बाया हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. रंभा तिच्याकडे बघतही नव्हती. धनराजकडे बघत होती, आणि धनराज बुटाकडे.

"साहेब," सत्यशीला म्हणाली, "आमचे मोह..." पण माइक तोवर पुढच्या सत्काराकडे गेला होता.

परतीच्या ट्रॅक्टरवर कोणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. उतरताना रंभा एवढंच म्हणाली, "तुही मान धरून मले का भेटन आता?"

चैत्रात मोह पडला. वारा गावाकडे असला की वास घरापर्यंत यायचा. रंभा एकदा टोपली घेऊन गेलीच. जोडमोहाच्या सावलीत दोन जिप्सी थांबल्या होत्या, चाकांखाली फुलांचा चिखल झाला होता. जिप्सीतल्या एका बाईने ओठांवर बोट ठेवून तिला गप्प राहायला सांगितलं. वाघ बुजेल म्हणून! धनराजने तिला हाताला धरून परत आणलं.

सत्यशीला उन्हातान्हात चंद्रपूरला गेली. मयुरीने पंखा तिच्याकडे वळवला, चहा मागवला.

"ते ठिपके पुसून टाका मॅडम."

"पुसता येत नाहीत हो बाई. सगळ्या खात्यांकडे प्रती गेल्या आहेत. माहिती एकत्र आणायची म्हणजे तेच तर असतं. दिवसा लाइन मिळाली ना?"

"भेटली."

"शाळेची वेळ बदलली ना?"

"बदलली. अन् झाडं गेले. तुमी त म्हनलं होतं, दुसऱ्या कशाले वापरनार नाई."

मयुरीने टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाली, "तेव्हा पर्यटनवाले यात नव्हते. नंतर जोडले. मलाही नंतरच कळलं. पण वरचे म्हणाले, लोकहितच आहे."

"कोनत्या लोकाइचं?"

मयुरीने चहाचा कप तिच्याकडे सरकवला. मुलगी खोटं बोलत नव्हती. तिलाही कोणी विचारलं नव्हतं. पण न विचारल्याने तिचं काही गेलं नव्हतं, आणि नोकरी सोडण्याइतकं तिला ते लागलंही नव्हतं. चहा तसाच ठेवून सत्यशीला उठली. "मी माह्या तोंडानं सांगतलं, मॅडम. थ्या बाया तुमाले नाई, मले ओळखतेत."

धान लोंबीवर आलं तेव्हाची गोष्ट. दुपारी सत्यशीला गवत कापत होती. फाट्याच्या वाटेवर, मोरीजवळ, वाघीण दिसली. मागे दोन पिल्लं. ती विळा तिथेच टाकून गावात आली. मोबाइल कमरेला होता. ठिपका लावला असता तर संध्याकाळची एसटी पारापर्यंत आली असती. आणि चार दिवसांत जिप्सी मोरीपर्यंत आल्या असत्या. पिल्लंवाली वाघीण म्हटल्यावर आणखी एक कमान. मोरीच्या अलीकडे गावाची, विडीसाठी विकायची तेंदूपानं होती. तेवढीच उरली होती.

तिने ठिपका लावला नाही. घरोघर गेली. बायांनी ऐकलं, शेरडं आत घेतली. "बरं" यापलीकडे कोणी बोललं नाही. पण न सांगितलेला वाघ एसटीला कसा कळणार? पोरं फाट्यावरच उतरणार होती, आणि त्यांत रंभाची नात दिव्यानी होती. नागभीडला कॉलेजात जायची.

रंभा दारातच उभी राहिली. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनखी कोनाले सांगतलं?"

"गावातच. बाहेर कोनालेच नाई."

"मोबाइलवर?"

"नाई."

"मागं बी तू असंच छातीवर हात ठेवून बोलली होती."

सत्यशीलाने मान खाली घातली. "हो, बोलली होती," ती म्हणाली. "मी फाट्यावर जाऊन राह्यली पोराइले आनाले."

एक टिनाचा डबा आणि काठी घेऊन ती निघाली. मोरी येईपर्यंत एकटीच डबा वाजवत होती. मग मागून दुसरा डबा वाजू लागला. तिने वळून बघितलं. रंभा होती, बरीच मागे. सत्यशीला थांबली तशी तीही थांबली.

"चाल नं तू," रंभा ओरडली. "मी दिव्यानीसाठी आली. तुह्यासंग नाई."

दोघी तशाच गेल्या, मध्ये अंतर ठेवून. फाट्यावर एसटी आली, दिव्यानी आणि बाकीची पोरं उतरली. ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, "काऊन बाई, आज इथी? पाव्हना आला का?"

त्याला सांगितलेलं रातोरात नागभीडपर्यंत गेलं असतं. सत्यशीलाने रंभाकडे बघितलं. रंभा तिच्या तोंडाकडेच बघत होती.

"नाई जी," सत्यशीला म्हणाली. "कोनी नाई."