नाकमामांची स्पॅनिश बाटली

आमचे नाकमामा पाण्याचा पेलासुद्धा आधी नाकाशी नेत आणि मग तोंडाला लावत. आईचे हे धाकटे भाऊ. त्यांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. मेहकरला एका साखरपुड्यात त्यांनी वरणाची वाटी हुंगली आणि तशीच खाली ठेवली. वरण बुडाशी लागलं होतं हे खरंच, पण मुलीकडचे असे रुसले की सोयरीक मोडता मोडता वाचली. आई म्हणायची, याचं नाक घरी ठेवून याला लग्नाला न्यावं.

गोव्याच्या एका मोठ्या हॉटेलात मामा पाहुण्यांना वाइन निवडून देत. कोणत्या जेवणाबरोबर कोणती, हे सांगायचा त्यांना पगार मिळे. गावात, साखरखेर्ड्यात, या नोकरीचा अर्थ एकच निघाला, गडी दारूत बुडाला. आता यांना कोण समजावणार! मामा घोट तोंडात घोळवत, चव घेत आणि थुंकून टाकत. मामींना तर तेच जास्त खुपे. प्यायचं तं प्या ना, थुकता काऊन, म्हणून त्या करवादत.

एकदा सुटीत त्यांनी स्पेनची तांबडी वाइन आणली. माझ्या भावांनी झणझणीत मटणाचा रस्सा केला, स्टीलच्या पेल्यांत वाइन ओतली, वर बर्फ टाकला. पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं कडू झाली. मामांनी रस्सा बाजूला सरकवला. "तिखटानं हिचा कडूपणा वर येते. हिले भरीत द्या," म्हणाले. मग तुराट्यांवर वांगी भाजली, धुरकट भरीत भाकरीबरोबर पानात आलं. मामांनी मला आधी निवांत हुंगायला लावलं. पिकल्या जांभळाचा, लाकडाचा, जुन्या चामड्याचा वास आला, आणि भरिताच्या घासावर तीच वाइन अशी मऊ लागली की मी चाटच पडले. बाईमाणसानं वाइन चाखली म्हणून मामी माझ्याशी बोलेनात, ते वेगळं.

टाळेबंदीत हॉटेल बंद पडलं. मामा घरी आले आणि त्यांना तो ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. मामा रोज उठून चुलीचा धूर, शेण, लिंबाचा पाला, रॉकेल, जे सापडेल ते हुंगत. डॉक्टर आधी येईल म्हणाले, मग येऊ शकेल म्हणाले, नंतर काहीच म्हणेनासे झाले. ताटातला ठेचा वाढत गेला. तिखट तेवढं जिभेला कळे. गावाला मात्र गंमत सापडली. कुणी चौकात त्यांच्या नाकापुढे अगरबत्ती धरी. मेल्यांना लाज नाही.

मग हॉटेल पुन्हा सुरू झालं आणि तिथल्या साहेबांचा फोन आला, या, तुमची जागा ठेवली आहे. मामांनी मला मेहकरहून गावी बोलावून घेतलं. परवा मेथीचा वास आल्यासारखं वाटलं, असं ते सांगत होते. जपून ठेवलेली दुसरी स्पॅनिश बाटली त्यांनी बाहेर काढली होती. हिचा वास आला तर गोव्याला जायचं, नाही तर कायमचं घरी बसायचं, हे त्यांचं ठरलं होतं. ही वाइन घरात आणखी फक्त मीच नीट चाखली होती, म्हणून मी समोर हवी होते. मामींनी आपणहून भरीत केलं होतं.

मामांनी पेला फिरवला, बराच वेळ हुंगला. "जांभूळ... लाकूड..." असं म्हणून त्यांनी पेला माझ्या हातात दिला. मी तो नाकाशी नेला. ना जांभूळ, ना लाकूड. बूच खराब निघालं होतं, सगळी वाइन नासली होती. असली बाटली पाहुण्यापुढे जाऊ नये, म्हणूनच तर मामांना पगार मिळायचा. मी घोट गिळला, भाकरीचा तुकडा मोडला आणि चेहरा होईल तितका सरळ ठेवला.

"खराब हाये ना?" मामांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली आणि मला रडूच फुटलं.

"रडू नको पोरी. पाहुण्याच्या तोंडाकडं पाहून मले अजून कळते. नाकाले काहीच येत नाही. मी नुसतं पाठ म्हणून राह्यलो होतो."

त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि दुसरा माणूस बघा म्हणून सांगितलं. मामी चुलीकडे तोंड करून बसल्या. फोन ठेवल्यावर मामांनी तोच पेला पुन्हा नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"कसा येते वास? सांग मले."

"ओल्या गोणपाटासारखा," मी म्हटलं. "भिजून कोपऱ्यात पडलेल्या. कुबट."

"अजून सांग," मामा म्हणाले.