ग्रुपवर टाकलंय

"ग्रुपवर टाकलंय," असं म्हणून तो फोन खिशात ठेवायचा आणि हात झटकायचा. त्या हात झटकण्याचा मला आजही तिटकारा येतो. तुमच्या ऑफिसातही असा एखादा असेल. निरोप पाठवला की याची जबाबदारी संपली. तो कुणी वाचला की नाही, हे वाचणाऱ्यानं पाहावं.

नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या विद्यापीठात आम्ही एकाच मजल्यावर कामाला होतो आणि शहराबाहेर एकाच गल्लीत राहत होतो. मागे शेतं आणि मेंढ्यांची कुरणं. पुण्यात असताना यानं लवंगी फटाकासुद्धा लांबून उदबत्तीनं पेटवला असेल. इथं येऊन मात्र शिकारीचा परवाना काढला. परीक्षेत किती छान गुण पडले, ते न विचारता सांगायचा. पुढे कोल्ह्यांसाठी अंधारात बंदूक चालवायची खास परवानगी मिळाली आणि त्याच्याशी दुसरं काही बोलायची सोयच राहिली नाही.

गावात एक साधी रीत होती. अंधारात बंदूक काढायची असेल, तर दिवसाउजेडी शेजारच्या घरांची बेल वाजवायची, कुठे असणार ते सांगायचं आणि संध्याकाळी शेतात कोण जाणार ते विचारायचं. याच्या आधीचा म्हातारा शिकारी टोपी काढून दारात उभा राहायचा. मेंढ्यांची मालकीण म्हणजे आमच्या शेजारची साठीतली बाई. आज मी खालच्या कुंपणाशी आहे, असं ती म्हणाली की तो मुकाट्यानं दुसरीकडे जायचा.

मी याला सांगून पाहिलं. "अरे, निदान तिची तरी बेल वाजव. तिचा फोन दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीत पडलेला असतो."

तो हसला. "तुला हे लोक अजून कळलेच नाहीत. अपॉइंटमेंटशिवाय दार वाजवलेलं यांना खपत नाही. मी गल्लीच्या ग्रुपवर टाकतो ना."

नोव्हेंबरात त्याच्या मुलीचा वाढदिवस होता. पाचलाच अंधारून आलेलं. बंदूक दाराजवळ, मुलांच्या बुटांच्या ढिगाशेजारी भिंतीला टेकवलेली. कपाटात ठेव म्हटलं, तर म्हणे रिकामी आहे. वाइन पिऊन झाल्यावर साहेबांना पाहुण्यांपुढे मिरवायची हुक्की आली. ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, हात झटकले, बंदूक भरली आणि आम्हाला घेऊन परसाच्या टोकाला गेला. त्याच्या त्या महागड्या दुर्बिणीतून अंधारातलं ऊबदार अंग पांढरं दिसतं. कुंपणापाशी एक पांढरा गोळा हलत होता.

"कोल्हा," तो म्हणाला.

थांब, नीट बघ, असं मी म्हणेपर्यंत बार उडाला होता. पलीकडून बाईमाणसाची किंकाळी आली.

आम्ही टॉर्च घेऊन धावलो. ती चिखलात बसली होती. तारेत अडकलेली मेंढी सोडवायला आली होती. मेंढीचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि मेंढी मेली होती. बाईची बाही कोपरापर्यंत रक्तानं भिजलेली. मी बाही वर सारून पाहिली, तेव्हा कळलं की रक्त तिचं नाही.

यानं काय करावं? फोन काढला आणि तिच्या तोंडासमोर धरला. बघा, मेसेज टाकला होता, असं इंग्रजीत सांगू लागला. मला शिसारी आली. तिनं फोन हातात घेतला, तो मेसेज खरोखर वाचला आणि परत केला. मग डचमध्ये म्हणाली, "पण मी इथे होते."

यानं आधी फोनवरचं रक्त रुमालानं पुसलं.

पोलीस आले, बंदूक गेली, परवाना गेला. केक मात्र त्याच संध्याकाळी कापला, फोटोही काढले. काही महिन्यांनी तो आइंडहोवनला नव्या नोकरीवर गेला. खेड्यातल्या लोकांनी एका मेंढीचा केवढा बाऊ केला, असं तिकडे सांगतो म्हणे. गेला ते बरंच झालं. त्याची आठवण निघाली की अजून तोंड कडू होतं.

शिकारी आता पुन्हा बेल वाजवतात. तो गेला, आता भीती नाही, असं मी बाईंना बऱ्याचदा सांगितलं. त्या मान हलवतात. पण अंधार पडला की सायकलचा एक दिवा छातीवर आणि एक पाठीवर बांधून स्वतःच्या शेतात उतरतात, आणि वाकायच्या आधी दोन्ही दिवे लागलेत ना, ते चाचपून बघतात.