फारसीतला नाश्ता

येत नसलेल्या भाषेत कुणाला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगू नये. मी सांगितलं, तेही आवाज चढवून.

तेव्हा आम्ही शारजात अल नहदाला राहायचो आणि मी दुबईतल्या एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर होतो. सकाळची पाळी, दुपारी गाडीतच डुलकी, मग संध्याकाळची पाळी. आमच्याकडे इराणी पेशंट बरेच, त्यात मधुमेहवाले जास्त. गोळ्या नेतात, पण घेतात का, हे कळावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी आठ प्रश्नांचा एक फॉर्म केला. उत्तरांना गुण द्यायचे, कमी गुणवाल्याला बोलावून झापायचं. पण विचारणार कोण? फारसी कुणाला येत नव्हती. फॉर्म भरणाऱ्याला बसायला खुर्ची मिळणार होती. दिवसभर उभं राहून माझे पाय गेले होते.

"मॅडम, हमारी मराठी तो आधी फारसी ही है," मी म्हणालो. दवा, हफ्ता, कम, जियादा. दोन दिवस बसून छान जमलं.

तिसऱ्या दिवशी समोर एक म्हातारे बाबा बसले. त्यांचं इराणी रोट्यांचं दुकान, पहाटेपासून तंदूरपुढे उभे. प्रश्न होता, सकाळची गोळी खाण्याबरोबर घेता का? मी विचारलं, "दवा, हर रोज, नाश्ता?"

"ना, ना!" बाबा अभिमानाने म्हणाले.

मी 'नाही'वर खूण केली आणि टेबलावर बोट आपटलं. "नाश्ता, बाबा! दवा, नाश्ता! खलास!"

त्यांनी उजवा हात डोळ्यावर ठेवला. "चश्म."

मला वाटलं, चष्मा विसरले. म्हटलं, वाचायचं काही नाही, या आता.

चार दिवसांनी त्यांची मुलगी त्यांना दंडाला धरून घेऊन आली. बाबांचा शर्ट घामाने निथळत होता. सकाळी दुकानात रोटी थापायला वाकले आणि हातपाय कापायला लागले. ती शेजारीच होती म्हणून तिने मागे ओढलं, नाहीतर तोंडावर तंदुरातच गेले असते. तिने चहाबरोबर चघळायचे साखरेचे खडे त्यांच्या तोंडात कोंबले होते. रक्तातली साखर पार उतरली होती. त्यांना आत झोपवून सलाइन लावलं.

मुलगी दुबईतच वाढलेली, हिंदी फर्डी. "अंकल, नाश्ता बोला किसने?"

"मैंने. क्यों, नहीं किया?"

"किया ना! चार दिन से वही कर रहे हैं! गोली खाते हैं और दोपहर तक भूखे रहते हैं. पहले रोटी के साथ खाते थे, ठीक थे. हमारे में नाश्ता मतलब खाली पेट, अंकल!"

मी खुर्चीत बसलोच.

"और चश्म?" मी हळूच विचारलं.

"मतलब, आपका हुकुम सर आँखों पर."

डॉक्टरीणबाईंनी फॉर्मची थप्पी माझ्यापुढे सरकवली आणि फोन दाखवला. त्या पोरीने, बाप आत सलाइनवर असताना, माझ्याशेजारी बसून फॉर्मवरच्या एकेकाला फोन लावून गोळ्या कशा घेतात ते विचारलं. सगळे ठणठणीत. कुणीही माझं ऐकलं नव्हतं. एक आजी तर म्हणाल्या म्हणे, तो हिंदी माणूस काहीतरी बडबडत होता, मी मान हलवली आणि घरी आले.

दुपारनंतर बाबा उठून बसले आणि त्यांनी चहा मागितला. जाताना माझा हात हातात घेऊन उगाच थोपटत राहिले. त्यापेक्षा एक ठेवून दिली असती तर चाललं असतं.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं. ऐकणारे पडतात आणि न ऐकणारे वाचतात, हेही सांगितलं. बाबांना आता बरं आहे ना, हे तिने दोनदा विचारून घेतलं. मग मुलांच्या खोलीचं दार लोटून आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, हे मुलांना सांगू नका हं. आधीच तुमचं ऐकत नाहीत, आता त्यांना कारण मिळेल."